अतिउंचीवरील विरळ हवा आणि स्पर्धात्मक सायकलपटूंची कामगिरी

प्रस्तावना

१९६८ सालच्या मेक्सिको सिटी येथील ऑलिम्पिक स्पर्धा क्रीडाशास्त्राच्या अभ्यासकांच्या दृष्टीने एक मोठी प्रयोगशाळाच ठरल्या. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात लांब उडी व कमी पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यतींत विक्रमांची रीघ लागली. बॉब बीमन यांची ८.९० मीटरची उडी याच स्पर्धेतील. याउलट लांब पल्ल्याच्या शर्यतींत समुद्रसपाटीवरचे नामांकित धावपटू मागे पडले. १०,००० मीटरच्या शर्यतीनंतर ऑस्ट्रेलियाचे विश्वविक्रमवीर रॉन क्लार्क कोसळले आणि त्यांना प्राणवायू द्यावा लागला. एकच हवा, एकच मैदान. परंतु एकाला पंख फुटले आणि दुसऱ्याचा श्वास कोंडला.

सायकलिंग हा क्रीडाप्रकार या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे आणि म्हणूनच तो अधिक अभ्यसनीय आहे. सायकलपटूचा वेग धावपटूच्या दुप्पट-तिप्पट असल्याने हवेचा विरोध हा त्याचा प्रमुख शत्रू असतो. तो विरोध उंचीवर घटतो. त्याच वेळी त्याचे श्रम तासन्‌तास चालणारे असल्याने प्राणवायू हे त्याचे प्रमुख इंधन असते. तेही उंचीवर घटते. या नफ्या-तोट्याचा ताळा कसा लागतो, कोणत्या शर्यतीत तो कोणत्या बाजूला झुकतो आणि त्यासाठी खेळाडूची तयारी कशी करावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी मुख्यतः 'तासाचा विक्रम' या प्रसिद्ध प्रकाराचा आधार घेतला आहे. एका तासात एकट्याने, कोणाच्याही आडोशाशिवाय, बंदिस्त धावपट्टीवर जास्तीत जास्त अंतर कापणे एवढेच या प्रकाराचे स्वरूप असते. त्यात डावपेच नाहीत, सहकारी नाहीत, चढ-उतार नाहीत. त्यामुळे उंचीचा परिणाम जितक्या स्वच्छपणे येथे दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

विरळ हवेचा लाभ

उंचीवर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असे सर्रास म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता ते बरोबर नाही. समुद्रकिनारी असो वा हिमालयाच्या माथ्यावर, हवेतील प्राणवायूचा वाटा सुमारे २०.९ टक्के एवढाच राहतो. घटतो तो हवेचा एकूण दाब. समुद्रसपाटीवर हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. मेक्सिको सिटीच्या उंचीवर तो सुमारे ५८५ वर येतो. तापमान तेच धरल्यास हवेची घनताही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी, कमी होते.

सपाट धावपट्टीवर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूच्या श्रमांपैकी सुमारे नऊ दशांश श्रम केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. उरलेले चाकांच्या घर्षणात व साखळीत जातात. हवेवर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तीन गोष्टींवर अवलंबून असते : हवेची घनता, खेळाडू व सायकल यांचा मिळून हवेला सामोरा जाणारा परिणामी पृष्ठभाग आणि वेगाचा घन. यांतील 'घन' हा शब्द महत्त्वाचा आहे. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट लागते. म्हणूनच अव्वल दर्जाच्या खेळाडूला आणखी एक किलोमीटर मिळविणे अतिशय कष्टाचे असते आणि म्हणूनच घनतेतील २३ टक्क्यांची सूट त्याला मोहात पाडते. खेळाडूची शक्ती जराही न घटता ही सूट मिळाली असती तर त्याचा वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढला असता. शक्ती मात्र घटतेच.

प्राणवायूची तूट

श्वासावाटे आत घेतलेली हवा श्वासनलिकेत बाष्पाने संपृक्त होते आणि त्या बाष्पाचा दाब, सुमारे ४७ मिलिमीटर, एकूण दाबातून वजा करावा लागतो. राहिलेल्या दाबाच्या २०.९ टक्के एवढा प्राणवायूचा आंशिक दाब असतो. समुद्रसपाटीवर हा आकडा सुमारे १४९ मिलिमीटर येतो, तर मेक्सिको सिटीत सुमारे ११३. म्हणजे फुप्फुसांच्या दारातच प्राणवायूचा रेटा एक चतुर्थांशाने कमी झालेला असतो.

सुदैवाने रक्तातील हिमोग्लोबिनचे वर्तन सरळ रेषेत चालत नाही. प्राणवायूचा दाब काहीसा उतरला तरी हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरलेले राहते. एका मर्यादेखाली मात्र ते झपाट्याने रिते होऊ लागते. त्यामुळे २,२०० मीटरवर स्वस्थ बसलेल्या माणसाला फारसे काही जाणवत नाही. पूर्ण जोर लावणाऱ्या खेळाडूची गोष्ट निराळी असते. त्याच्या हृदयातून रक्त इतक्या वेगाने फेकले जाते की फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत ते पुरेसा वेळ थांबतच नाही. समुद्रसपाटीवरही काही अव्वल खेळाडूंच्या रक्तातील प्राणवायूची पातळी परमोच्च श्रमांच्या वेळी खाली येते, उंचीवर तर ती ९० टक्क्यांच्या बरीच खाली जाऊ शकते. हृदय जितके दमदार तितकी ही तूट मोठी, असा हा विपरीत न्याय आहे. उंचीवर गेलेल्या सामान्य पर्यटकापेक्षा कसलेल्या सायकलपटूची क्षमता शेकडेवारीने अधिक घसरते ती याच कारणामुळे.

ही घसरण किती असते? वेहरलिन व हॅलेन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दमश्वासाच्या खेळांतील खेळाडूंची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता ३०० ते २,८०० मीटर उंचीच्या कृत्रिम वातावरणात मोजली. दर १,००० मीटरमागे ती सुमारे ६.३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. विशेष म्हणजे ही घट ८०० मीटरसारख्या, आपण ज्याला उंची म्हणणारही नाही अशा पातळीवरही दिसू लागली होती. या दराने मेक्सिको सिटीच्या उंचीवर नवख्या खेळाडूची तूट १२ ते १४ टक्क्यांच्या घरात जाते. वातावरणाशी चांगले जुळवून घेतलेल्या खेळाडूच्या बाबतीत ती ७-८ टक्क्यांपर्यंत खाली आणता येते, असे मानता येईल.

आता दोन्ही बाजूंचा ताळा मांडता येतो. घनता २३ टक्क्यांनी कमी आणि शक्ती १३ टक्क्यांनी कमी धरली, तर वेगात सुमारे साडेतीन टक्क्यांची वाढ होते. शक्तीची घट ८ टक्क्यांवर रोखता आली, तर वाढ सुमारे साडेपाच टक्के होते. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या खेळाडूसाठी याचा अर्थ तासाभरात सुमारे पावणेदोन ते पावणेतीन किलोमीटर अधिक अंतर असा होतो. मात्र शक्तीची घट २० टक्क्यांच्या पलीकडे गेली की सगळा लाभ पुसला जातो आणि उंची ही निव्वळ शिक्षा ठरते. हा हिशेब सरासरीचा आहे. एकाच उंचीवर दोन तुल्यबळ खेळाडूंपैकी एकाची घट दुसऱ्याच्या दुप्पट असू शकते आणि ती केवळ चेहरा पाहून किंवा समुद्रसपाटीवरची कामगिरी पाहून ओळखता येत नाही.

याच हिशेबाची रेषा तशीच पुढे नेली तर आणखी वर, तीन-साडेतीन हजार मीटरवर, लाभ वाढतच गेलेला कागदावर दिसतो. प्रत्यक्षात तसे गृहीत धरणे धोक्याचे आहे. हवेची घनता ठरावीक चालीने घटत जाते. शरीराची तूट मात्र हिमोग्लोबिनच्या वक्ररेषेच्या उतारावर आल्यानंतर वेग घेते. शिवाय झोप बिघडणे, भूक मंदावणे, डोकेदुखी यांचा समावेश कोणत्याही समीकरणात नसतो.

तासाचा विक्रम : उंची, यंत्र आणि माणूस

१० ऑक्टोबर १९६८ रोजी डेन्मार्कचे ओले रिटर यांनी मेक्सिको सिटीत ४८.६५३ किलोमीटरचा विक्रम केला. चार वर्षांनी, २५ ऑक्टोबर १९७२ रोजी, बेल्जियमचे एडी मर्क्स त्याच शहरातील उघड्या धावपट्टीवर उतरले. त्या वर्षी त्यांनी इटली व फ्रान्स या दोन्ही देशांच्या महान शर्यती जिंकलेल्या होत्या. विक्रमासाठी त्यांच्या हाताशी मोठी सवड नव्हती. त्यांनी बेल्जियममध्येच मुखवट्याद्वारे कमी प्राणवायूची हवा घेत रोलरवर सराव केला आणि प्रयत्नाच्या काही दिवसच आधी ते मेक्सिकोत पोहोचले. पहिले १० किलोमीटर त्यांनी बारा मिनिटांच्या आत कापले. विरळ हवेत अशी सुरुवात करणे फार जोखमीचे होते. समुद्रसपाटीवर अशी उसनवारी काही मिनिटांत फेडता येते, उंचीवर स्नायूंतील आम्लाचा निचरा होण्यास लागणारा प्राणवायूच अपुरा असल्याने ती अखेरपर्यंत मानगुटीवर बसते. मर्क्स यांनी तरीही ४९.४३१ किलोमीटर अंतर पूर्ण केले. सायकलवरून उतरल्यानंतर त्यांना धड चालता येत नव्हते.

हा विक्रम अकरा वर्षांहून अधिक काळ टिकला. जानेवारी १९८४ मध्ये इटलीचे फ्रान्सेस्को मोझर यांनी मेक्सिको सिटीतच चार दिवसांच्या अंतराने दोनदा तो मोडला : १९ जानेवारीला ५०.८०८ आणि २३ जानेवारीला ५१.१५१ किलोमीटर. मर्क्स यांच्यापेक्षा त्यांनी सुमारे पावणेदोन किलोमीटर अधिक मजल मारली. पण उंची दोघांनाही सारखीच लाभली होती. मग हा फरक आला कोठून? मोझर यांच्या सायकलला आऱ्यांऐवजी सलग तबकडीची चाके होती, अंगावर हवेला न अडविणारा पोशाख होता आणि पाठीशी वैज्ञानिकांचा चमू होता. पुढे मोझर यांनी स्वतःचेच रक्त साठवून ते पुन्हा शरीरात भरल्याचेही जाहीरपणे मान्य केले. त्या काळी या प्रकारावर बंदी आलेली नव्हती. उंचीवर जो घटक तुटपुंजा पडतो नेमका तोच, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशींचा साठा, या उपायाने वाढतो, हे लक्षात घेतले म्हणजे या विक्रमातील उंचीचा, यंत्राचा आणि रक्ताचा वाटा वेगवेगळा करणे किती अवघड आहे ते कळते.

त्यानंतरचा इतिहास उंचीच्या समर्थकांना काहीसा अडचणीचा आहे. १९९३ ते १९९६ या चार वर्षांत ग्रॅमी ओब्री, ख्रिस बोर्डमन, मिगेल इंदुराईन व टोनी रोमिंगर यांनी हा विक्रम ५१.५९६ पासून ५६.३७५ किलोमीटरपर्यंत नेला. आणि हे सर्व हामार, बोर्दो व मँचेस्टर येथील कमी उंचीवरच्या बंदिस्त धावपट्ट्यांवर घडले. ओब्री यांनी हात छातीखाली दुमडून घेतले, नंतर हात सरळ पुढे ताणण्याची पद्धत आली. शरीराच्या ठेवणीतील या बदलांनी हवेचा विरोध एवढा कमी केला की मेक्सिकोची २३ टक्क्यांची सूटही त्यापुढे फिकी पडली. शिवाय ही सूट प्राणवायूची किंमत न मोजता मिळत होती.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २००० साली नियम बदलून मर्क्स यांच्या काळातील साध्या सायकलीचीच सक्ती केली, तेव्हा एक विलक्षण तुलना शक्य झाली. बोर्डमन यांनी त्या वर्षी मँचेस्टर येथे साध्या सायकलीवर ४९.४४१ किलोमीटर अंतर कापले. मर्क्स यांच्यापेक्षा ते अवघ्या दहा मीटरने अधिक होते. एकाची कामगिरी २,२५० मीटरवरील, दुसऱ्याची जवळजवळ समुद्रसपाटीवरील. यावरून बोर्डमन हे श्रेष्ठ खेळाडू होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु एकाची धावपट्टी उघडी व दुसऱ्याची बंदिस्त, एकाची तयारी घाईची व दुसऱ्याची वर्षानुवर्षांची. तेव्हा असा निष्कर्ष घाईचा ठरेल.

२०१४ साली नियम पुन्हा शिथिल झाल्यावर उंचीचा प्रश्न नव्याने पुढे आला. बेल्जियमचे व्हिक्टर कॅम्पेनार्ट्स यांनी नामिबियातील पठारावर दीर्घ सराव करून १६ एप्रिल २०१९ रोजी मेक्सिकोतील आग्वासकालिएन्तेस येथे ५५.०८९ किलोमीटरचा विक्रम केला. सुमारे १,९०० मीटर उंची, बंदिस्त धावपट्टी आणि उबदार हवा असा तिहेरी लाभ येथे मिळतो. कारण हवा तापली की तिची घनता आणखी उतरते. तरीही फिलिप्पो गान्ना यांनी ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील ग्रेन्शन येथे, जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर, ५६.७९२ किलोमीटर अंतर कापून हा विक्रम फार पुढे नेला. गान्ना यांच्यासारखा धिप्पाड, प्रचंड शक्तीचा खेळाडू आपली शक्ती शाबूत राखणे पसंत करतो आणि हवेचा विरोध सायकलीच्या व पोशाखाच्या रचनेतून कमी करतो, हा हिशेब समजण्यासारखा आहे.

महिलांच्या विक्रमात मात्र उंचीचा वरचष्मा अधिक काळ टिकून आहे. नेदरलँड्सच्या लिओंतिन व्हान मोर्सेल यांनी २००३ साली मेक्सिको सिटीत ४६.०६५ किलोमीटर, अमेरिकेच्या एव्हलिन स्टीव्हन्स यांनी २०१६ साली कोलोराडो स्प्रिंग्ज येथे ४७.९८० किलोमीटर आणि इटलीच्या व्हित्तोरिया बुस्सी यांनी २०१८ साली आग्वासकालिएन्तेस येथे ४८.००७ किलोमीटर अंतर कापले. मध्यंतरी जॉस लाउडन व एलेन व्हान डाइक यांनी ग्रेन्शन येथे हा विक्रम पुढे नेला. परंतु ५० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली महिला होण्याचा मान बुस्सी यांनी १३ ऑक्टोबर २०२३ रोजी पुन्हा आग्वासकालिएन्तेस येथेच, ५०.२६७ किलोमीटरसह, मिळविला. बुस्सी यांनी ऑक्सफर्ड येथे गणितात डॉक्टरेट मिळविलेली आहे, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

लहान पल्ल्याच्या शर्यती

एका मिनिटाच्या आत संपणाऱ्या शर्यतींत स्नायूंतील साठवलेल्या ऊर्जेवर बरेचसे काम भागते. त्यामुळे विरळ हवेचा लाभ जवळजवळ निखळ मिळतो. फ्रान्सचे आर्नो तुर्नां यांनी २००१ साली बोलिव्हियातील ला पाझ येथे, सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील धावपट्टीवर, एक किलोमीटरचे अंतर ५८.८७५ सेकंदांत कापले. एका मिनिटाची सीमा प्रथमच ओलांडली गेली. २००७ साली ब्रिटनचे ख्रिस हॉय त्याच धावपट्टीवर गेले आणि ५८.८८० सेकंदांवर थांबले. सेकंदाच्या पाच सहस्रांशाने त्यांचा विक्रम हुकला. अशा शर्यतीतही शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांत प्राणवायूची गरज भासतेच, आणि एका प्रयत्नानंतर शरीर पूर्ववत होण्यास तेथे कितीतरी अधिक वेळ लागतो. पुढे फ्रांस्वा पर्वी यांनी २०१३ साली ५६.३०३ सेकंद आणि जेफ्री होगलंड यांनी २०२३ साली ५५.४३३ सेकंद अशी वेळ नोंदवली, ती ला पाझपेक्षा दीड हजार मीटर खाली असलेल्या आग्वासकालिएन्तेस येथे. अधिक उंची म्हणजे अधिक वेग, असे सरळ सूत्र येथेही बांधता येत नाही.

घाटातील शर्यत

धावपट्टीवरून रस्त्यावर आणि सपाटीवरून घाटात आले की चित्र पूर्णपणे पालटते. ८ टक्के चढावर ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, सायकलसह ७८ किलो वजनाच्या खेळाडूला सुमारे ३४५ वॅट शक्ती लागते. त्यांतील ३०० हून अधिक वॅट केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होतात. हवेचा वाटा २५ वॅटच्या आसपास असतो. २,५०० मीटरवर हवा विरळ झाल्यामुळे त्यात पाच-सहा वॅटची बचत होते, पण शरीराची तूट मात्र ४० वॅटच्या घरात जाते. धावपट्टीवर मित्र ठरलेली उंची घाटात उघड शत्रू होते.

'टूर द फ्रान्स' या शर्यतीतील गालिबिए हा घाट २,६४२ मीटरवर, तर 'जिरो द इतालिया'मधील स्तेल्व्हियो २,७५० मीटरहून अधिक उंचीवर आहे. अशा घाटांच्या अखेरच्या पाच-सात किलोमीटरमध्ये कोणीही जोर लावलेला नसताना चांगले चांगले खेळाडू मागे पडताना दिसतात. समालोचक याला थकवा म्हणतात. वास्तविक त्यांच्या क्षमतेची कमाल मर्यादाच खाली आलेली असते आणि खाली जी गती सोसवत होती तीच वर असह्य होते. २६ जुलै २०१९ रोजी कोलंबियाचे एगान बर्नाल यांनी सुमारे २,७७० मीटर उंचीच्या इझेरां घाटात आघाडी घेतली आणि माथ्यावर पिवळी जर्सी परिधान केलेल्या जुलियन आलाफिलिप यांना दोन मिनिटांहून अधिक मागे टाकले. गारपीट व दरड कोसळल्यामुळे शर्यत पुढे थांबवावी लागली आणि माथ्यावरच्या वेळाच ग्राह्य धरल्या गेल्या. ती स्पर्धा जिंकणारे बर्नाल हे पहिले लॅटिन अमेरिकी खेळाडू ठरले.

बर्नाल ज्या सिपाकिरा गावात वाढले ते सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. नाइरो किंताना यांचा बोयाका प्रांतही तसाच उंच. बोगोटा परिसरातील सायकलपटूंवर श्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांच्या रक्तातील एकूण हिमोग्लोबिन सपाटीवरच्या तुल्यबळ खेळाडूंपेक्षा ठळकपणे अधिक आढळले. त्याच परिसरातील सराव न करणाऱ्या रहिवाशांपेक्षाही ते बरेच जास्त होते. म्हणजे उंचीवरचे आयुष्य आणि दीर्घ सराव यांचा मिळून हा परिणाम होता. तथापि उंचीवर जन्म घेणे पुरेसे असते तर बोलिव्हिया व तिबेट येथून विजेत्यांची रांग लागली असती. कोलंबियात सायकल ही गावोगावची आवड आहे, मुलांच्या शर्यती आहेत, मार्गदर्शक आहेत. या बाबी हिमोग्लोबिनइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

उंचीवरील सराव आणि त्याचे दुखणे

उंचीवर पोहोचल्यानंतर काही तासांतच मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढवितात आणि दोन-तीन दिवसांत ते शिखर गाठते. मात्र नव्या तांबड्या पेशी तयार होण्यास आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत रक्त दाट झालेले दिसते ते केवळ रक्तातील द्रव घटल्यामुळे. ती खरी वाढ नव्हे. खरी वाढ, तीन-चार आठवडे २,१०० मीटरच्या वर राहिल्यास, तीन ते सहा-सात टक्क्यांपर्यंत होऊ शकते. तीही शरीरात लोहाचा साठा पुरेसा असेल तरच. लोह कमी असलेला खेळाडू महिनाभर उंचीवर राहून रिकाम्या हाताने परततो.

दुसरी अडचण अशी की उंचीवर सरावाचा जोरच कमी पडतो. पायांना खाली ज्या शक्तीची सवय असते ती वर लावता येत नाही आणि स्नायू हळूहळू आळसावतात. यावर लेव्हिन व स्ट्रे-गंडरसन यांनी १९९७ साली 'वर राहा, खाली सराव करा' हा तोडगा मांडला. ३९ धावपटूंवरील त्यांच्या प्रयोगात २,५०० मीटरवर राहून १,२५० मीटरवर सराव करणाऱ्या गटाची ५,००० मीटर शर्यतीतील वेळ सरासरी १३.४ सेकंदांनी सुधारली. कॅनरी बेटांतील तेइदे पर्वत युरोपीय सायकल संघांत लोकप्रिय झाला तो याच तत्त्वामुळे. तेथे २,१०० मीटरच्या वर मुक्काम करून सायकलवरून समुद्रापर्यंत उतरता येते. तथापि या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे. त्या प्रयोगातील खेळाडूंना आपण कोठे राहतो हे ठाऊक होते. झिबेनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली १६ सायकलपटूंना रोज १६ तास बंद खोल्यांत ठेवले. काही खोल्यांत ३,००० मीटरइतकी विरळ हवा होती, काहींत साधी. आणि कोणती खोली कोणती हे खेळाडूंनाही माहीत नव्हते, तपासणाऱ्यांनाही नाही. चार आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. सराव-शिबिराचा उत्साह, विश्रांती आणि श्रद्धा यांचा वाटा किती, हा प्रश्न या प्रयोगाने उपस्थित केला आणि तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

कृत्रिम उंचीच्या तंबूंवर बंदी घालावी काय, याची चर्चा जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००६ साली केली आणि बंदी न घालण्याचे ठरविले. एरिथ्रोपोएटिन टोचून घेणे निषिद्ध, पण विरळ हवेत झोपून तेच संप्रेरक शरीराकडून तयार करवून घेणे मान्य, ही सीमारेषा तर्कापेक्षा व्यवहारावर आधारलेली आहे. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हिमोग्लोबिन मोजण्यासाठी अत्यल्प प्रमाणात वापरला जातो. तो वारंवार हुंगून उंचीसारखा परिणाम साधता येईल अशी शंका आल्यावर सायकलिंग महासंघाने फेब्रुवारी २०२५ पासून अशा वापराला मनाई केली. येथे प्रश्न न्याय्यतेचा तर होताच, जिवाच्या धोक्याचाही होता.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि महाबळेश्वरचे पठार त्याहून खाली, सुमारे १,३५० मीटरवर. तांबड्या पेशी वाढाव्यात इतकी उंची राज्यात मुक्कामाच्या जागी कोठेच नाही. महाबळेश्वर वा पाचगणीच्या शिबिराला 'हाय अल्टिट्यूड कॅम्प' म्हणण्याची प्रथा त्यामुळे शास्त्राला धरून नाही. थंड हवा आणि चढाचे रस्ते एवढाच तेथील लाभ. खऱ्या अर्थाने उपयुक्त उंची उटी परिसरात किंवा हिमाचल प्रदेशातील शिलारू येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात मिळते. शिलारू सुमारे २,४०० मीटरवर आहे.

'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात, तर २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने पूर्ण केली. या मार्गावर कोलोराडोतील वुल्फ क्रीक खिंड सुमारे ३,३०० मीटर उंचीवर ओलांडावी लागते, तीही वाळवंटातील उष्णता सोसून आल्यानंतर आणि अपुऱ्या झोपेत. अशा ठिकाणी काही तासांपुरते वर जाऊन खाली उतरावयाचे असल्याने तांबड्या पेशींच्या वाढीपेक्षा वेगावरील संयमच अधिक कामी येतो. खिंडीच्या अलीकडे शक्तीचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली उतरवून घेणारा स्वार पलीकडच्या उतारावर शाबूत पोहोचतो.

मनाली ते लेह आणि पुढे खारदुंग ला हा प्रवास दरवर्षी महाराष्ट्रातील अनेक हौशी सायकलस्वार करतात. खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. या उंचीवर कामगिरीचा विचार गौण ठरतो आणि फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचण्याचा धोका प्रधान होतो. शरीर धडधाकट असणे हे त्यापासून संरक्षण नव्हे. उलट दमदार तरुण झपाट्याने वर चढतात आणि म्हणूनच अधिक सापडतात. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. विमानाने थेट लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, उतरणाऱ्या महाविद्यालयीन चमूने तेथे किमान दोन-तीन दिवस सायकलला हात न लावणे त्या संकेताला धरून होईल. विद्यार्थ्यांच्या रक्तातील लोहाची तपासणी मात्र पुण्या-मुंबईतच, निघण्यापूर्वी पाच-सहा आठवडे व्हावयास हवी, कारण उणीव आढळल्यास ती भरून काढण्यास तेवढा अवधी लागतो.